64 बाइटच्या जागी 3264: माझा ड्रायव्हरचा अनुभव

सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहून झाला, कंपाइल एकाही वॉर्निंगशिवाय, आकडेही बरोबर. पण 512 एमबीच्या बोर्डावर मेमरी भरत आली की केझॅलॉक (कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मेमरी मागायचं फंक्शन) नल द्यायचा, म्हणजे मेमरी नाकारायचा, आणि रीडिंग बंद पडायचं.

अकरा दिवस याच्यात गेले. आधी लीकचा, म्हणजे घेतलेली मेमरी परत न केल्याचा, संशय. तो शोधणारं केमेमलीक चालवलं, काही नाही. मेमरीच्या हद्दीबाहेरचं वाचणं-लिहिणं पकडणारं केसॅन चालू करून बिल्ड केलं, तेही गप्प. टीममधला प्रत्येकजण "बोर्डाची मेमरीच कमी आहे" म्हणत होता आणि मला ते पटत नव्हतं, कारण 64 बाइट मागणारा ड्रायव्हर असा अडायला नको. शेवटी लॉगमधली 'पेज अलोकेशन फेल्युअर'ची ओळ नीट वाचली. मोडमध्ये, म्हणजे मेमरी कशी मिळवायची ते सांगणाऱ्या फ्लॅगमध्ये, जीएफपी कर्नल हे नेहमीचं नावच नव्हतं.

मी आर्ग्युमेंट्स उलटी दिली होती! आकाराच्या जागी जीएफपी कर्नल, फ्लॅगच्या जागी साइझऑफ, म्हणजे मला हवा असलेला 64 बाइट आकार. माझ्या आवृत्तीत जीएफपी कर्नल म्हणजे हेक्समध्ये 0xसीसी0, साध्या आकड्यात 3264. तेवढे बाइट मागितले की 4096 चा तुकडा मिळतो. हव्या त्यापेक्षा जास्तच जागा, मग केसॅन ओरडणार कशाला? आणि फ्लॅगमधला 64 कर्नलने जीएफपी आयओ म्हणून घेतला. त्यात रीक्लेम नाही. म्हणजे मेमरी कमी पडल्यावर पानं मोकळी करून द्यायचा प्रयत्नच न करता तो नकार देत होता.

सी कंपायलरला यात वावगं दिसत नाही, त्याच्या लेखी जीएफपी_टी हा फ्लॅगचा टाइप म्हणजे साधा अनसाइन्ड इंट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या स्पार्स या कोड तपासणाऱ्या टूलला मात्र तो वेगळा टाइप दिसतो, कारण त्याच्यावर बिटवाइज अशी खूण आहे. स्पार्ससकट बिल्ड करायला मेक सी=2 म्हटल्यावर काही सेकंदांत दोन वॉर्निंग आल्या, दोन्ही त्याच ओळीवर. सी=1 फक्त नव्याने कंपाइल होणाऱ्या फायली तपासतो, तेव्हा जुनी फाइल असेल तर 2 च द्या. आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये स्पार्स नव्हतंच, याचा राग अजून आहे. आता मी ते घालून घेतलंय.

जाता जाता: स्पिनलॉक (ज्याला धरून झोपता, म्हणजे थांबून राहता, येत नाही असं कुलूप) धरलेला असेल तर जीएफपी कर्नल नको, तो झोपू शकतो. तिथे न झोपणारा जीएफपी ॲटॉमिक. आणि साइझऑफ घेताना पॉइंटरपुढचा स्टार विसरू नका, नाहीतर 64-बिटवर पॉइंटरचेच फक्त 8 बाइट हातात येतात.