आज मारलीस का?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तालमीत मी वाढलो. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यातली लाल माती. भीती वाटते, असं तिथं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. त्यामुळे माझी अकरा वर्षांची लेक जिमनॅस्टिक्सच्या बीमवर हात वर करून उभी राहिली आणि झेप घेतलीच नाही, तेव्हा मला आधी रागच आला.

बीम ५ मीटर लांब, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटिमीटर. माझा पंजा आडवा ठेवला की पट्टी संपते. त्यावर पाठीमागं झेप घेऊन हातांवर जायचं आणि परत पायांवर यायचं, त्याला पोरी फ्लिक म्हणतात. ही फ्लिक ती आठ महिने मारत होती. जूनमधल्या एका सोमवारी तिला ती जमेनाशीच झाली. पडली नव्हती, कुठं लागलंही नव्हतं.

"पप्पा, मी जाणार होतो, पण पायच उचलत नाहीत," एवढंच ती म्हणाली.

तिला घ्यायला गेलो की गाडीला किक मारायच्या आधी माझा प्रश्न ठरलेला, "आज मारलीस का?" मग सायकलचं आमिष दाखवलं. एकदा रंकाळ्यावर भेळ खाताना बोलून गेलो, "पैलवानाची पोरगी आहेस तू, शोभतं का हे?" तिनं कागद तसाच खाली ठेवला. त्यानंतर सरावाच्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

शेवटी तिला शिकवणाऱ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. चार-पाच महिन्यांत पोरीची उंची झपाट्यानं वाढली होती. हातपाय लांबले की तोल बदलतो, झेपेची वेळ चुकायला लागते. ते तिला शब्दांत सांगता येत नव्हतं, पण आतून कळत होतं. "ती भित्री नाही. तिचं डोकं तिला सांभाळतंय," मॅडम म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही विचारणं बंद करा."

हे मला फार लागलं. पण त्या रात्री माझे वस्ताद आठवले. एकोणिसाव्या वर्षी कुस्तीत ढाक डाव बसून माझी मान आखडली होती. बरी झाल्यावरही समोरच्यानं बगलेत हात घातला की मी आपोआप मागं सरायचो. वस्तादांनी एका शब्दानं विचारलं नाही. महिनाभर मला हौदा खणायला लावला, बारक्या पोरांबरोबर लढत दिली, मग हळूहळू जोडीचे पैलवान. मी हे सगळं विसरलो होतो, आणि लेकीला मात्र पहिल्याच दिवशी मैदानात ढकलत होतो.

मॅडमनी तिला पार खाली आणलं. आधी जमिनीवर चिकटपट्टीची रेघ, मग बुटका बीम, मग उंच बीमच्या दोन्ही अंगांना पार वरपर्यंत गाद्या. दर आठवड्याला एक गादी कमी. नियम एकच. हात वर केले की मनात पाचपर्यंत मोजायचं, नाही जमलं तर उतरायचं. तीन वेळा असं झालं की त्या दिवशी फ्लिक बंद, जे येतं ते करायचं. कारण वर उभं राहून थिजण्याचाही सराव होतो, आणि तोच पक्का बसतो. हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स हिची गोष्टही त्यांनीच पोरींना सांगितली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला हवेत पीळ घेताना आपण कुठं आहोत हेच तिला कळेना, तेव्हा सांघिक अंतिम फेरीतून ती बाजूला झाली. आठवड्याभरानं बीमवर उतरली ती शेवटच्या उडीतला पीळ काढून टाकून, आणि कांस्यपदक घेतलं. माझ्या लेकीनं त्यातलं नेमकं तेवढंच उचललं. ऑगस्टमधल्या स्पर्धेत फ्लिक नको, त्याजागी वॉकओव्हर, म्हणजे झेप न घेता हातांवरून सावकाश पलटी, करतो, हे तिनं स्वतः मॅडमना सांगितलं. गुण कमी पडले. माझ्या पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू. पण बीमवरून उतरल्यावर कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

मी रोज "भूक लागली का?" एवढंच विचारत राहिलो. सुरुवातीला जीभ चावावी लागायची. पोटदुखी कधी थांबली, ते आम्हाला कळलंही नाही.

ऑक्टोबरात एका गुरुवारी फ्लिक परत आली. मी नव्हतो तिथं. घरी आल्यावर तिनं आधी तिच्या आईला सांगितलं, मला जेवताना.

गेल्या महिन्यात दोन दिवस पुन्हा अडली. मी दारातून बघत होतो. तिनं हात वर केले, थांबली, स्वतःच उतरली आणि बुटक्या बीमकडं गेली. मी बाहेर येऊन गाडीवर बसलो.