185 युरोचं आयरिश पुस्तक आणि कस्टमर केअरशी घातलेली हुज्जत

कॉर्कमध्ये राहणाऱ्या किंवा आयर्लंडला यायच्या तयारीत असलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय असं म्हणतो, पण खरं कारण म्हणजे राग अजून उतरलेला नाही. आयरिश शिकायची पुस्तकं ऑनलाइन शोधायला गेलात ना, तर किंमती बघून डोळे पांढरे होतात, आणि त्यातल्या बऱ्याच किंमती लावणाऱ्याकडे ते पुस्तक मुळात नसतंच.

माझं आयरिश सुरू झालं मुलीमुळे. इथे शाळेत आयरिश सक्तीचं आहे आणि बाहेरून आलेल्या मुलांना वयामुळे जी सूट मिळते ती बारा वर्षं झाल्यावर आलेल्यांना, आमची आली तेव्हा आठची होती, त्यामुळे विषय संपला. तिची पुस्तकं शाळाच देते, प्रायमरीला 2023 पासून ती फुकट आहेत, पण घरी गृहपाठ घेताना मी नुसता ठोंब्यासारखा बसायचो म्हणून संध्याकाळचा क्लास लावला. क्लास मस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

सुरुवातीला बाईंनी 'बुंतूस काइंचे' घ्यायला सांगितलं. 1967 चं, तीन छोटे भाग, रोजच्या बोलण्यातली वाक्यं, अजूनही छापलं जातं. ऑनलाइन बघितलं तर त्यातला एकच भाग 70 युरोला! दुकानात तोच दहा युरोच्या आसपास मिळाला. त्यामुळे पहिला नियम लिहून ठेवा, जे पुस्तक छापलं जातंय ते मोठ्या साइटवर घ्यायचंच नाही. डब्लिनला हारकोर्ट स्ट्रीटवर 'कॉनरा ना गेल्गे' या आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थेचं दुकान आहे, बेलफास्टला फॉल्स रोडवरच्या कल्चरलान नावाच्या आयरिश सांस्कृतिक केंद्रात एक आहे, अशा ठिकाणी फोन किंवा मेल करायचा. मोठ्या साइटवर स्वतःचा स्टॉक नसला की वर दिसतो तो कोणीतरी तिसराच विक्रेता, आणि तो तोंडाला येईल तो आकडा टाकतो.

खरा घोळ दुसऱ्या पुस्तकाचा. आमच्या बाई कॉर्ककडच्याच मस्करी (Muskerry) नावाच्या भागातल्या, बॅलीव्हर्नीकडच्या, म्हणजे मुन्स्टरची, दक्षिणेकडची आयरिश बोलणाऱ्या. सगळे 'लर्निंग आयरिश' सुचवतात, ते ओ शील यांचं, 1980 चं, आणि ते चांगलंच आहे, पण ते पश्चिमेकडच्या, कॉनेमाराच्या बोलीवर आहे. कॉर्ककडची बोली हवी तर माइल्स डिलन आणि ओ क्रोनीन यांचं 1961 चं 'टीच युअरसेल्फ आयरिश' बघा, असं बाई म्हणाल्या, पण ते आता छापत नाहीत. झालं, माझ्या डोक्यात तेच बसलं.

आता गंमत ऐका. 1993 मध्ये त्याच मालिकेत, त्याच नावाने, वेगळ्याच लेखकांचं, ओ शे आणि शील्स यांचं, पूर्ण वेगळं पुस्तक आलं. नाव डिट्टो सेम. 1961 च्या छपाईवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नाही, कारण ती पद्धतच नंतर आली. त्यामुळे साइटवर दोन्ही पुस्तकं एकाच पानावर चिकटवलेली असतात, कव्हर एकाचं, वर्ष दुसऱ्याचं, लेखकाच्या जागी काहीही. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरावा तसं. मला दिसलं ते असं: वर्ष 1961, लेखक डिलन, फोटो पिवळ्या-निळ्या कव्हरचा, किंमत 185 युरो. बायको म्हणाली एवढ्यात मुंबईचं अर्धं तिकीट येईल. मी म्हटलं एकदाच घ्यायचंय, आणि घेतलं.

बरेच आठवडे काही हालचाल नाही. ट्रॅकिंगवर नुसतं 'लेबल तयार झालंय'. याचा अर्थ मला आता कळतो, विक्रेता तेव्हा कुठे पुस्तक शोधायला बाहेर पडलेला असतो. शेवटी अमेरिकेतून पाकीट आलं, उघडलं तर 1993 वालं. आतल्या पानावर कुठल्यातरी गावच्या लायब्ररीचा 'डिस्कार्डेड' असा लाल शिक्का आणि वर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: एक डॉलर. तेही कोणी पुसायची तसदी घेतली नाही. मी ते पान बायकोपासून लपवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मग कस्टमर केअर. चॅटवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. पहिला म्हणाला पुस्तकाचं नाव जुळतंय, मग प्रॉब्लेम काय? मी म्हटलं बाबा, लेखक वेगळे आहेत, आतला एकही धडा सारखा नाही. तो म्हणाला फोटो पाठवा. पाठवले, कव्हरचा, आतल्या वर्षाच्या पानाचा, आणि त्यांच्याच साइटवरच्या 1961 लिहिलेल्या पानाचा. पुढच्या वेळची मॅडम म्हणाली, साइटवर दिलेलं प्रकाशनाचं वर्ष 'अंदाजे' असतं. बत्तीस वर्षांचा अंदाज! वर म्हणे दाखवलेला फोटो हा प्रातिनिधिक असतो. म्हणजे लेखक नाही, वर्ष नाही, फोटो नाही, मग मी 185 युरो नक्की कशाचे दिले? यावर उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तिकडे विक्रेत्याचा मेल, वीस टक्के परत देतो, पुस्तक ठेवून घ्या. नाही म्हटल्यावर, स्वतःच्या खर्चाने अमेरिकेला परत पाठवा, मिळालं की बघू. 'बघू' हा शब्द वाचून माझी सटकली. चुकीची वस्तू पाठवली त्यांनी आणि पोस्टेज मी भरायचं? इथे बरेच लोक दमून सोडून देतात, आणि समोरच्याचा सगळा हिशोब त्यावरच चालतो.

मी सोडलं नाही. बँकेला कळवलं, 'वर्णनाप्रमाणे माल नाही' असं कारण लिहून कार्डावरच्या पैशांसाठी डिस्प्यूट टाकला, तेच फोटो जोडले, चॅट कॉपी करून दिले. आणि काय आश्चर्य, इतके दिवस 'बघू' म्हणणाऱ्या विक्रेत्याने बँकेची चौकशी गेल्यावर लगेच सगळे पैसे परत केले, पुस्तक ठेवा म्हणाला. त्या दिवशी मी घरी सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. त्यामुळे चॅट बंद करायच्या आधी कॉपी करून ठेवा, आणि पैसे कार्डानेच द्या, बँक ट्रान्सफर नको. विक्रेता युरोपियन युनियनमधला धंदेवाईक असेल तर ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, तो नेमका कुठल्या देशात बसलाय हे आधी बघायचं.

या किंमती लागतात कशा, हे नंतर शोधलं. विक्रेत्यांचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम एकमेकांच्या किंमती बघून आपली वाढवत जातात. 2011 मध्ये माश्यांच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाची किंमत अशीच 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेली होती. एक विक्रेता दुसऱ्यापेक्षा किंचित कमी लावत होता आणि दुसरा पहिल्याच्या सव्वा पटीहून थोडी जास्त, बहुतेक त्याच्याकडे पुस्तक नव्हतं, गिऱ्हाईक आलं की पहिल्याकडून घेऊन द्यायचा बेत. आयरिश पुस्तकांना हे फार लागू पडतं, कारण प्रती कमी. 2022 च्या जनगणनेत आयरिश येतं म्हणणारे 18 लाख 73 हजार निघाले, पण शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे 72 हजारसुद्धा भरत नाहीत. एवढ्याशा बाजारात जुनं पुस्तक पुन्हा कोण छापणार, आणि एक प्रत हाताशी असलेला माणूस आकडा लावायला मोकळा.

1961 वालं शेवटी कुठे मिळालं? इथल्याच एका सेकंडहँड दुकानात. दुकानदार आजोबांना नाव, लेखक आणि माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला होता. काही महिन्यांनी फोन आला, कोणाच्यातरी घरातली पुस्तकं आलीत, येऊन बघ. 12 युरो! मी वीसची नोट दिली तर त्यांनी सुट्टे मोजून परत केले. कव्हर फाटकं आहे, पण पानं पूर्ण आहेत, घरी आल्यावर एकेक मोजून बघितली.

हां, लायब्ररीचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं. इथे मेंबरशिप फुकट, उशीर झाला तर दंडही नाही, तो 2019 मध्ये काढला. कॅटलॉग सगळ्या देशाचा एकच, दुसऱ्या काउंटीतलं पुस्तक मागवलं तरी तुमच्या शाखेत येतं. विकत घ्यायच्या आधी तिथून आणून चाळा, पटलं तर मग शोधा. शब्दकोशावर तर दमडी खर्च करू नका, ओ डोनिल यांचा 1977 चा मोठा आयरिश-इंग्रजी कोश teanglann.ie या साइटवर फुकट आहे, शब्दांचे उच्चारही आयरिशच्या तिन्ही मुख्य बोलींत ऐकायला मिळतात.

आणि फार स्वस्त जुनं पुस्तक दिसलं तर आतल्या पानाचा फोटो मागा. फार जुनी पुस्तकं बऱ्याचदा जुन्या गेलिक लिपीत छापलेली असतात, अक्षरांवर टिंबं, स्पेलिंगही सुधारणेच्या आधीचं, नवशिक्याला झेपत नाही.

ते 1993 वालं माझ्याकडे तसंच पडून आहे, लाल शिक्क्यासकट. पुस्तक म्हणून वाईट नाहीये बरं का, मला हवं ते नव्हतं एवढंच. कॉर्कमध्ये कोणाला हवं असेल तर मेसेज करा, येऊन घेऊन जा, पैसे नकोत. पोस्टाने मात्र पाठवणार नाही.