33 मिनिटं

आमच्या व्हीलचेअर बास्केटबॉल टीमच्या ग्रुपवर कालच्या मॅचच्या स्कोअरशीटचा फोटो आला. माझ्या नावापुढे 33 मिनिटं, 0 पॉइंट, 0 असिस्ट, 1 रिबाउंड. यात नवीन काही नाही, असल्या शीट मी वर्षानुवर्षं बघतेय, पूर्वी तर उघडायचे पण नाही. पण काल परत येताना बसमध्ये टीममधली नवी पोरगी माझ्या शेजारी बसली होती आणि एकदम म्हणाली, "ताई, तू नेमकं काय करतेस गं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारलं तिने. 17 वर्षांची आहे, टीममध्ये येऊन दोन महिने झालेत, आणि काल 22 पॉइंट मारले. मी म्हटलं पिक लावते, म्हणजे समोरच्या टीमच्या वाटेत चेअर घालून त्यांना अडवते. तर म्हणाली, "हां ते माहितीये, पण अजून?"

हे "पण अजून" कालपासून जात नाहीये डोक्यातून.

ती साडेचारची, मी एकची. शरीर किती साथ देतं त्यावरून प्रत्येकीला एक ते साडेचार असा आकडा मिळतो, साथ कमी तितका आकडा लहान. कोर्टवर पाच जणींची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये, आमच्या दोन साडेचारच्या एकदम खेळवल्या की तिथेच 9 झाले, उरलेल्या तिघींत 5, म्हणजे दोन, दोन आणि मी. माझ्या जागी अजून एक दोनची घेतली तर 15 होतात, चालतच नाही. मग मी काय बेरीज जमावी म्हणून आहे का तिथे? रात्री दोन वाजता हेच चालू होतं. 16 वर्षं. इतकी वर्षं रोज सकाळी उठून स्वतःला पट्ट्यांनी चेअरला बांधून घ्यायचं, कारण छातीच्या खाली माझं काही काम करत नाही, न बांधता दोन्ही हात वर केले तर सरळ पुढे कोसळते मी, आणि एवढं सगळं करून शेवटी काय तर स्वस्तातला आकडा. ती बाजूला पूर्ण वाकून जमिनीवरचा बॉल उचलते आणि परत सरळ होते, एका दमात. ते बघताना मला अजूनही, जाऊ दे.

शॉट मी पण मारायचे सुरुवातीला. बास्केट तीच, उभ्याने खेळणाऱ्यांचीच, 3.05 मीटरवर. कंबरेचा जोर नसताना तिथपर्यंत बॉल पोचवायचा तर सगळं खांद्यातून काढावं लागतं. खांद्याचं आज लिहायचं नाहीये. सर तेव्हा म्हणाले होते शॉट सोड, जागा शिक, आणि मला इतका राग आला होता की आठवडाभर बोलले नव्हते त्यांच्याशी. पण जागा शिकले.

आणि खरं सांगायचं तर त्या पोरीवर चिडायचा मला काय हक्क आहे? मी हा खेळ शिकले पॅट्रिक अँडरसनचे व्हिडिओ बघून. सिडनी 2000, अथेन्स 2004, लंडन 2012, पॅरालिम्पिकमध्ये कॅनडाची तीन गोल्ड, तो पण साडेचारचाच, आणि 2024 ला पॅरिसला 45 व्या वर्षी पण कोर्टवर होता. त्याचे शॉट मी किती वेळा मागे नेऊन बघितलेत त्याला गणती नाही. त्याच्यासाठी वाट कोण मोकळी करत होतं ते एकदाही बघितलं नाही, त्या माणसाचं नाव कधी शोधलं नाही. मी! जी हेच काम करते ती मी!

मग आज संध्याकाळी कालच्या मॅचचा व्हिडिओ लावला. आधी जास्तच वाईट वाटलं कारण मी दिसतच नाही त्यात. कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि माझं काम बॉल जिथून गेला तिथे असतं. त्यांचा अटॅक संपला की आमच्या चौघी पलीकडे सुटतात आणि मी सुटत नाही. त्यांची 9 नंबरवाली बास्केटखाली असते, ती वळायच्या आत तिच्या वाटेत चेअर आडवी घालायची. पायांवर असणारा माणूस अंग चोरून बाजूने निघून जातो, चेअर आडवी सरकत नाही, मागे घ्या, वळवा, परत ढकला, आणि तेवढ्यात मी पुन्हा तिच्यापुढे. आधी जागा घ्यायची, मग तिने येऊन अडकायचं, उशीर झाला आणि धडक बसली तर फाउल माझा. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 24 सेकंदांचा, त्यातले आठ-दहा जरी ती माझ्यापाशी राहिली तरी पुरे. काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिने मला शिवी दिली. हळूच. मला ते फार आवडलं होतं हे आत्ता लिहिताना आठवतंय.

तर व्हिडिओ थांबवला आणि फ्रेममधल्या चेअर मोजल्या. आमच्या चार, त्यांच्या चार. 9 नंबर साडेचारची आहे. म्हणजे आमचे 13 तिथे आणि त्यांचे साडेनऊ. पुढचा बास्केट बघितला, परत मोजलं, परत चार आणि चार. त्या पोरीच्या 22 मधले 12 असे आलेत, तिच्यासमोर कुणी उंच हात वर करायला नव्हतंच. मी तीनदा मोजले.

क्लिप कापून तिला पाठवणार होते. मेसेज लिहिला, "यांची 9 नंबर कुठाय सांग", आणि पुसला. बघून समजण्यातलं नाहीये ते, मला स्वतःला नव्हतं समजलं इतके व्हिडिओ बघून.

उद्या सर प्रॅक्टिसला दोन टीम पाडतील. त्यांना आधीच सांगून ठेवायचंय की मला तिच्या विरुद्ध टाका. छातीच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटायला लागलंय, ते आज रात्रीच बदलून ठेवते.