याशिका मॅट 124जी: चौथा रोल, आणि फोकस अखेर जागेवर

काल संध्याकाळी चौथा रोल धुतला. टाकीतून रीळ काढून ओली फिल्म दिव्यासमोर धरली आणि सातव्या फ्रेमवर नजर थांबली. आजी ओसरीवर लसूण सोलत बसलेली. फिल्म वाळल्यावर भिंगातून पाहिलं, तर तिच्या अंगठ्याच्या नखाला चिकटलेलं सालसुद्धा स्वच्छ दिसत होतं. तीन रोल मी ह्याचीच वाट बघत होतो.

हा एकावर एक दोन लेन्स असलेला जुना फिल्म कॅमेरा माझ्या काकांचा. चिपळूणला त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं ह्याच्यावर. 124जी बाजारात आला 1970 साली. चौकोनी सहा बाय सहाची निगेटिव्ह, 120 नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलमध्ये बारा फोटो. डिजिटल आल्यावर काकांनी तो चामड्याच्या केससकट लोखंडी कपाटात ठेवला आणि अठरा पावसाळे तो तिथेच राहिला. कोकणातल्या हवेत चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. जुना कॅमेरा हाती आला की केस वेगळी ठेवा, कितीही देखणी असली तरी.

दिवाळीत तो पुण्याला आणला तेव्हा दोन दुखणी होती. एक शटरचं. एक सेकंदावर लावलं की पाकळ्या उघडायच्या आणि तीन-तीन सेकंद मिटायच्याच नाहीत. मंद गतीच्या गिअरमधलं जुनं तेल घट्ट झालं होतं. ते काम मी पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे दिलं. त्यांनी पुढची पट्टी उतरवून गिअर नॅफ्थाने (तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) धुतला. आता फोनवर आवाज रेकॉर्ड करून दोन ‘टिक’मधलं अंतर मोजलं, तर एक सेकंद म्हणजे एक सेकंदच येतो. एक-पंधरांशपर्यंत ही युक्ती चालते. त्यापुढे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात.

दुसरं दुखणं वरच्या लेन्सवरची बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून आत शिरलेली. ही लेन्स फोटो काढत नाही, फक्त आपल्याला दाखवते, म्हणून ती मी स्वतःच उघडायचं ठरवलं. हायड्रोजन पेरॉक्साइड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड. काच लख्ख झाली. मग ती आट्यांवर फिरवत पार शेवटपर्यंत घट्ट बसवली, आणि नेमकी तिथेच चूक झाली.

दुसऱ्या रोलमध्ये एकही चेहरा धारदार नव्हता. तिसऱ्यातही तेच. लेन्स खराब झाली ह्या समजुतीने दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग टेबलावर आगपेट्यांची तिरकी ओळ मांडली, दर चार बोटांवर एक, आणि दीड मीटरवरून एफ 3.5 ला, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं ठेवून, पाचव्या पेटीवर फोकस धरून फोटो काढला. निगेटिव्हवर धारदार आली ती तिसरी. म्हणजे खालची लेन्स ठणठणीत होती, फक्त ती बघत होती अलीकडे. काकांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, दोन्ही डोळे एकाच जागी बघतायत का, ते आधी बघ.”

ह्या कॅमेऱ्याचं सगळं गणित त्या एका वाक्यात आहे. वरची 80 मिमी एफ 2.8ची लेन्स आरशातून वरच्या बघायच्या काचेवर चित्र टाकते, खालची 80 मिमी एफ 3.5ची फिल्मवर. दोन्ही एकाच पट्टीवर बसलेल्या, बाजूचं चाक फिरवलं की एकत्र पुढे-मागे होतात. वरची केसभर जरी जास्त आत गेली, तरी काचेवर चित्र धारदार करायला आपण पट्टी गरजेपेक्षा पुढे काढतो, आणि फिल्मवरचा फोकस माणसाच्या पुढ्यात येऊन पडतो.

जुळवणी अशी केली. चित्र उमटावं म्हणून मायक्रोस्कोपच्या स्लाइडवर मॅट चिकटपट्टी लावली, पाठचं झाकण उघडून ती बाजू लेन्सकडे करून फिल्मच्या जागी टेकवली. पहिल्या वेळी उत्तर चुकलं, कारण 75 मिमीची स्लाइड बाहेरच्या पट्ट्यांवर टेकत होती आणि फिल्म टेकते आतल्या पट्ट्यांवर. फरक जाड कागदाइतकाच, पण इथे तेवढाही पुरे. स्लाइड कापून 60 मिमी केली तेव्हा ती नीट आत बसली. मग गच्चीवर तिपाई लावली, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं, बटण दाबायची तार (केबल रिलीज) लॉक करून, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं, डोक्यावर काळी चादर. पर्वतीवरच्या देवळाचा कळस स्लाइडवर उलटा दिसत होता. भिंगातून बघत चाक फिरवत गेलो, तर कळस धारदार झाला तो बरोबर चाकावरच्या अनंताच्या, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंच्या, खुणेवर. जीवात जीव आला. मग चाकाला हात न लावता वरची लेन्स हळूहळू बाहेर फिरवली, वरच्या काचेवर तोच कळस स्पष्ट होईपर्यंत. अर्ध्या फेऱ्यालाही थोडं कमीच लागलं. आगपेट्या पुन्हा मांडल्या. पाचवी ती पाचवीच आली.

कुणी ही लेन्स उघडणार असाल तर आधी सुईने लेन्सवर आणि तिच्या बैठकीवर एक सलग रेघ ओढा आणि फेरे मोजा. माझे दोन रोल त्या एका रेघेपायी गेले. आणि आतला आरसा पुसू नका. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, कापड लागलं की निघतो. फक्त रबरी फुग्याने हवा मारा. काकांच्या आरशावर चार काळे ठिपके आहेत, ते मी तसेच ठेवले आहेत.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरचंही जमलं. मुळात पाऱ्याचा 1.35 व्होल्टचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. साधा अल्कलाइन 1.5 व्होल्टचा, त्याने काटा खोटं बोलतो. आजीच्या श्रवणयंत्रात 675 नंबरचा झिंक-एअर सेल असतो, 1.4 व्होल्टचा, त्याभोवती रबरी कडं घालून बसवला. भर उन्हात एफ 16 आणि एक-पाचशेवा सेकंद ह्या हिशेबाशी काटा आता जुळतो. बघायच्या काचेवरचं झाकण उघडलं की मीटर चालू होतो, म्हणून काम झालं की ते झाकण मिटायचं.

हा रोल इलफर्ड एचपी5 प्लस फिल्मचा, धुतला आयडी-11 डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून. नळाचं पाणी सध्या तीस अंशांवर आहे. वीस अंशांचा हट्ट धरला तर बर्फ टाकत बसावं लागतं आणि मधेच तापमान चढतं, म्हणून मी 24 अंश धरतो आणि तेरा मिनिटांऐवजी नऊ. टाकी पाण्याच्या घमेल्यात ठेवली की तेवढं सहज टिकतं. निगेटिव्ह छान भरलेल्या आल्या आहेत, सावल्यांत तपशील आहे.

मिरगाच्या आधी दोन कामं उरकायची आहेत. पाठच्या झाकणाचा, प्रकाश आत येऊ न देणारा फोम चिकट होऊन गळतोय, तो खरवडून नवा लावायचा. आणि घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, सोबत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो पन्नास टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. पाचवा रोल फ्रिजमध्ये आहे. तो काकांसाठी ठेवलाय. पुढच्या महिन्यात ते आले की त्यांच्याच हातून भरून घेणार आहे.