दिविसादेरोला गाडी सुटली

आपल्याकडे चिवावा म्हटलं की लोकांना तो तळहाताएवढा कुत्रा आठवतो. प्रत्यक्षात ते मेक्सिकोचं सगळ्यांत मोठं राज्य, उत्तरेला टेक्सास आणि न्यू मेक्सिकोला भिडलेलं. आमच्या टूरमध्ये तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे ‘एल चेपे’: समुद्राकाठच्या सिनालोआतून निघून सिएरा माद्रेचे डोंगर चढत चिवावात शिरणारी रेल्वे.

ग्रुपमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. 86 बोगदे आणि 37 पूल हे आकडे ऐकल्यावर त्यांनी लगेच कोकण रेल्वे काढली. ‘आमच्याकडे बोगदे जास्त आहेत’ हे दुपारपर्यंत सगळ्या डब्याला पाठ झालं. तेमोरिसला मात्र गाडी डोंगराच्या पोटातच वळते आणि एकाच दरीत खाली-वर रुळांचे तीन मजले दिसतात. तिथे काका उठून खिडकीला चिकटले. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला हा खटाटोप मधल्या क्रांतीत रखडला आणि 1961 साली पुरा झाला, हे मी सांगत होतो, ऐकतंय कोण!

सिनालोआ सोडून चिवावात आलं की घड्याळ एक तास पुढे जातं. मी डब्यात फिरून प्रत्येकाला बजावलं. मोबाइल आपोआप बदलले. काकांच्या मनगटावर जुनं एचएमटी. ‘हॉटेलात गेल्यावर लावतो,’ म्हणाले.

दिविसादेरोला गाडी थोडाच वेळ थांबते. रुळांपासून दरीच्या कठड्यापर्यंत टपऱ्यांची रांग. तेलाच्या पिंपात लाकडं पेटवलेली, वर पत्रा, पत्र्यावर गोर्दिता भाजतायत. ‘अगंबाई, ही तर पोटात भाजी भरलेली भाकरीच की!’ इति काकू. शाकाहारी मंडळींना मी चीज-मिरचीचीच घ्यायला लावतो, कारण घेवड्याचं सारण बरेचदा डुकराच्या चरबीत परतलेलं असतं.

भोंगा वाजला. मोजणी केली, दोन डोकी कमी. पोटात गोळा आला. ग्रुप स्थानिक गाइडच्या हवाली केला आणि मी खाली उतरलो. काका-काकू कठड्यापाशी निवांत उभे. काका मनगट दाखवत म्हणाले, ‘अहो, अजून तास आहे!’ मागून चाकांचा आवाज आला तेव्हा चेहरा पडला. काकूंनी फक्त एक नजर टाकली. ती पुरेशी होती.

ग्रुपचा मुक्काम होता त्या क्रीलपर्यंत नेणारी टॅक्सी मिळाली, पण ड्रायव्हरला जेवायचं होतं. मग आम्ही थांबलो. कठड्याला टेकून इथल्या रारामुरी आदिवासींपैकी एक बाई पाइनच्या सुयांची टोपली विणत होती. दोन-तीन सुया जोडायच्या, पीळ द्यायचा, आधीच्या फेऱ्यात खोवायचा. बोटांकडे बघायची तिला गरजच नव्हती. काकूंनी तुळशीबागेतल्या सवयीने भाव पाडून मागितला. बाईने किंमत पुन्हा तेवढीच सांगितली आणि विणत राहिली. काकूंनी मुकाट्याने पैसे काढले.

गर्दी ओसरल्यावर दरी दिसायला लागली. इथे तीन खोल दऱ्या एकत्र येतात. वर पाइनची झाडं, थंडीत बर्फ. खाली उरिके नदीकाठी आंबे आणि केळी. म्हणूनच कित्येक रारामुरी कुटुंबं हिवाळ्यात खाली उतरतात, उन्हाळ्यात वर येतात. टॅक्सीवाल्याने हे सांगितल्यावर काकूंचा पहिला प्रश्न: ‘आंबे आंबट की गोड?’ त्याच्या मते गोड.

एवढ्या दरीला कार्यक्रमपत्रिकेत आम्ही एक खाण्याचा थांबा दिला होता! फोटो काढला तर गोर्दिता राहते, गोर्दिता खाल्ली तर दरी.

रात्री क्रीलला ग्रुपमध्ये उलटंच झालं. आम्हाला का नाही थांबवलंत, असा सूर. टॅक्सीचे पैसे काकांनी न मागता दिले.

परतल्यावर मी ऑफिसशी भांडून दिविसादेरोला मुक्काम मिळवला, पण त्यासाठी चिवावा शहरातली एक रात्र कापली गेली. 1923 साली ज्या डॉज मोटारीत मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो विला याला गोळ्या घातल्या, ती आता घाईघाईत दाखवावी लागते. त्याबद्दल तक्रारी येतात. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.