पहिली रायफल कुठली घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

पहिलीच बोल्ट-ॲक्शन रायफल (दर बारानंतर बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे ओढून नवं काडतूस भरायची) घ्यायची आहे, हरणाच्या शिकारीसाठी, वर दुर्बीण बसवायची आहे आणि पैसे बेताचे आहेत, तर कुठली घेऊ? हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. विचारणाऱ्याने बहुधा चार नावं आधीच काढून ठेवलेली असतात. त्यातल्या एकावर मी बोट ठेवावं, एवढीच अपेक्षा. मी उलट विचारते, काडतुसांसाठी किती पैसे बाजूला ठेवलेत? तिथे गाडी अडते.

(परवाना, शिकारीचा हंगाम, कुठल्या प्राण्याला कुठलं काडतूस चालतं हे सगळं तुम्ही आपापल्या ठिकाणी पाहून घेतलंय असं धरून पुढचं लिहिते. ते पाहिलं नसेल तर इथेच थांबा.)

माझा हिशेब असा. जवळ असलेल्या पैशांचे दहा वाटे करा. चार रायफलीला, तीन दुर्बीण आणि ती बसवायच्या सामानाला, तीन काडतुसांना. लोक आठ वाटे रायफलीवर घालतात आणि उरल्यासुरल्यात दुर्बीण आणतात. मीही तेच केलं होतं.

माझी पहिली रायफल होती मॅग्नम काडतुसाची, म्हणजे जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची. अक्रोडाचा चकचकीत दस्ता, पाहताक्षणी घ्यावीशी वाटेल अशी. उरलेल्या पैशांत दुर्बीण घेतली ६-२४×५०, म्हणजे सहापट ते चोवीसपट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटर. आकडे मोठे, किंमत लहान. मला वाटलं, काय सौदा मारला! पहिल्या दिवशी १०० यार्डांवर चाळीस काडतुसं उडवली आणि लक्ष्याच्या कागदावर भोकं अशी पडली जणू कुणी मूठभर खडे फेकलेत. एक बार डावीकडे गेला की मी दुर्बिणीचा खटका (नेम सरकवायची चकती) उजवीकडे फिरवायचे, पुढचा उजवीकडे गेला की डावीकडे. ज्या काकांकडून मी शिकत होते ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, दोन बोटांनी दुर्बीण धरली आणि हलवली. ती हलली. खालच्या पट्टीचे स्क्रू ढिले होते.

ते आवळले. भोकं जरा जवळ आली, पण आता सगळी खाली आणि डावीकडे. काकांनी रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली, परत दिली आणि म्हणाले, "मार." मी नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. नुसतंच टक् झालं. बार झालाच नाही, आणि तरीही नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं, माझे डोळे मिटलेले, खांदा पुढे ढकललेला. आत खोटं काडतूस होतं, बिनदारूचं. "बघितलंस? धक्का बसायच्या आधीच तू दचकतेस," एवढंच म्हणाले.

म्हणून काडतूस कुठलं हा प्रश्न मी रायफलीच्या आधी घेते. पहिल्या रायफलीला .३०८ विंचेस्टर (आकडा गोळीच्या इंचातल्या व्यासाचा) किंवा तिच्याच घरातली काडतुसं घ्या. .३०८ आली १९५२ साली. तिच्याच पितळी नळकांड्याचं तोंड आवळून १९५५ साली .२४३ विंचेस्टर केली, आणि १९८० साली ७ एमएम-०८ रेमिंग्टन. २००७ चं ६.५ क्रीडमूरही चांगलं, धक्का कमी आणि आता सहज मिळतं. साधारण सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून जास्त आणि .२४३ च्या जवळपास तिप्पट बसतो. २०० यार्डांच्या आतल्या हरणाला हा फरक कळत नाही. तुमच्या खांद्याला पहिल्याच बाराला कळतो, आणि खांदा ते विसरत नाही. अंगाने किरकोळ असाल किंवा मुलांना शिकवायचं असेल तर .२४३ घ्यायला लाजू नका. फक्त काही ठिकाणी हरणाला किमान केवढी गोळी लागते त्याचे नियम असतात, तेवढं बघा.

आता रायफल. इथे मी लोकांची थोडी निराशा करते, कारण सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट यांपैकी कुठलीही स्वस्त रायफल घेतलीत तरी माझी हरकत नाही. जरा जास्त पैसे असतील तर हॉवा १५००, त्याहून जास्त असतील तर टिक्का. बोल्ट-ॲक्शनचा मूळ सांगाडा जर्मनीच्या माउझर कंपनीने १८९८ साली पक्का केला आणि आजही बहुतेक जण थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. स्वस्त रायफल चांगली होण्यामागे एक साधी युक्ती आहे. नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये काडतुसाला किती जागा राहते ते बिनचूक असावं लागतं, आणि पूर्वी ते कारागीर हाताने जुळवून आणायचा. सॅव्हेजने १९५८ च्या मॉडेल ११० मध्ये नळीवर मोठा नट घातला. मापाची खोटी काडतुसं टाकायची, नळी फिरवून जागा बरोबर करायची, नट आवळायचा. कारागिराचे तास वाचले आणि नेम बिघडला नाही. आजच्या बऱ्याच स्वस्त रायफलींत तोच नट सापडेल.

मग पैसे वाचवतात कुठे? दस्त्यात, मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत), बोल्टच्या गुळगुळीतपणात. बोल्ट मागे ओढला की खडखडतो, ते चालतं. दस्त्याचं मात्र बघा. वहीच्या कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवा, ती आडकाठीशिवाय मागेपर्यंत जायला हवी. मग रायफल जशी पिशवीवर टेकवून मारता तशी टेकवा, पुढचा भाग जरा दाबा आणि पट्टी परत सरकवा. आता अडकली तर समजा की प्लास्टिक वाकून नळीला टेकतंय, आणि टेकवायची जागा बदलली की गोळीची जागाही बदलणार. काचकागद घेऊन तासाभरात तेवढं प्लास्टिक घासून काढता येतं, त्यासाठी रायफल नाकारू नका.

दस्त्याची लांबी मात्र नाकारायचं कारण आहे. माझ्यासारखे आखूड हात असतील तर बऱ्याच रायफली लांब पडतात. रिकामी आहे याची स्वतः खात्री करून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. दुर्बीण असेल तर पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसायला हवं. मान लांबवावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर ती रायफल तुमची नाही.

दुर्बिणीचा धडा मला एका संध्याकाळी मिळाला. झाडीच्या कडेला दबा धरून बसले होते. उजेड चालला होता, आणि हरीण अगदी अशाच वेळी निघतं. निघालं, साठेक यार्डांवर. दुर्बीण लावली तर आत काळोख, आणि त्या काळोखात तपकिरी केस. नुसते केस! मान की मांडी तेही कळेना. दुर्बीण चोवीसवरच राहिली होती. मी बार काढला नाही, हरीण गेलं.

हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले किती पट. ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. अंधारताना माणसाची बाहुली ५ ते ७ मिलिमीटर उघडते. बाकी सगळी वाया. ३-९×४० ही जुनी, साधी दुर्बीण सहापटीवर ठेवली तरी साडेसहाचा ठिपका देते. तिनपटीवर जवळच्या झाडीतलं जनावर पूर्ण दिसतं, नऊपटीवर २०० यार्डांचं. म्हणून ३-९×४०. त्याच पैशांत कुणी २४ पट देत असेल तर त्याने काचेत आणि आतल्या यंत्रात काटकसर केलीय हे उघड आहे. बॅटरीवर पेटणारं क्रॉसहेअर (नेम धरायची आतली फुली), मोठमोठे उघडे खटके, हे पहिल्या दुर्बिणीला नको. डोळ्यापासून दुर्बिणीच्या मागच्या काचेचं अंतर साडेतीन इंचांच्या आसपास हवं, नाहीतर धक्क्याने तिची कडा भुवईवर बसते आणि अर्धचंद्र उमटतो. रायफलीबरोबर फुकटात म्हणून जोडून येणाऱ्या दुर्बिणीवर माझा विश्वास नाही. काही बऱ्या निघतात, म्हणा.

बसवताना घाई नको. स्क्रूंचं तेल पुसा, आणि खालच्या पट्टीच्या स्क्रूंना, ते ढिले होऊ नयेत म्हणून, निळ्या चिकट द्रावाचा एक थेंब. बळ मोजणारा पाना मिळाला तर उसना आणा आणि बनवणाऱ्याने सांगितलंय तेवढंच आवळा. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा फार आवळल्या तर दुर्बिणीची नळी चेपते.

झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणायला, २५ यार्डांपासून सुरुवात करा. बोल्ट काढून नळीतूनच लक्ष्याकडे बघा, नळी न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर पडते. आणि इथे बहुतेक जण फसतात. खटक्याची एक टिचकी बहुतेक दुर्बिणींत १०० यार्डांवर गोळी पाव इंच हलवते. २५ यार्डांवर तीच टिचकी एका इंचाचा सोळावा भाग. म्हणजे २५ वर एक इंच सरकवायचं तर चार नाही, सोळा टिचक्या. मग १०० वर जा आणि तीनतीन बारांचे गट मारून मधोमध आणा. .३०८ ची १५० ग्रेन वजनाची (साधारण पावणेदहा ग्रॅम) गोळी १०० वर दोन इंच वर लागेल असं ठेवलं की ती २०० वर नेमावर येते, ३०० वर आठेक इंच खाली जाते. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. तेव्हा २०० पर्यंत सरळ मधोमध नेम धरायचा, त्यापलीकडे पहिल्या वर्षी बार काढायचाच नाही.

उरलेल्या काडतुसांचं काय करायचं, तर मारायची. बाकावर टेकून नव्हे. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून. मधूनमधून कुणाला तरी खोटं काडतूस घालायला सांगायचं.

जुनी रायफल घेऊ का, असंही विचारतात. जरूर घ्या. नळीच्या तोंडाची कड बघा, तिथे खरचटलेलं नको. नळीतून उजेड पाहा. दस्ता उतरवू दिला तर खालचा गंज बघा, आणि स्क्रूंची डोकी चावल्यासारखी झालीत का तेही. मॅग्नम असेल तर बरोबरच्या काडतुसांच्या खोक्यात डोकवा. विसातली सतरा शिल्लक असतील तर का विकतायत ते विचारायची गरज नाही.

माझी मॅग्नम मी दोन वर्षांनी एका धिप्पाड गृहस्थांना विकली. जे जे झालं ते सगळं सांगितलं, आणि बरोबर खोटं काडतूसही देऊ केलं. त्यांनी हसून ते परत दिलं.