५०० एमबीपीएसच्या लाइनसाठी राउटर निवड: नोंद २

पहिली चाळणी वॅन पोर्टची (राउटरमध्ये इंटरनेटची तार लागते तो), ती संपली. खोक्यावरचं 'एसी१२००' म्हणजे दोन वायफाय बँडच्या लिंक रेटची (कागदावरच्या कमाल वेगाची) बेरीज: ३०० अधिक ८६७, म्हणजे ११६७ एमबीपीएस, गोल करून १२००. एक लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. शिवाय या वर्गातल्या काही मॉडेलांचा वॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. तिथून टीसीपीचा, म्हणजे डाउनलोडचा प्रत्यक्ष वेग ९४ एमबीपीएसच्या आसपास अडतो. असे सगळे बाद. गिगाबिट पोर्टातून ९४१ पर्यंत जातं, म्हणजे ५०० ला २.५ गिगाबिटची गरज नाही.

पोर्ट गिगाबिट असूनही ९४ च दिसले, तर आधी लिंक स्पीड (पोर्ट किती वेगावर जोडला गेलाय ते) वाचा. १०० मेगाबिटला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक वायर कनेक्टरमध्ये नीट क्रिम्प झाली (दाबून बसली) नसली की लिंक गुपचूप १०० वर उतरते.

दुसरी चाळणी सीपीयूची, आणि निवड खरी इथेच ठरते. जाहिरातीतला वेग बहुधा हार्डवेअर ऑफलोड चालू ठेवून मोजलेला असतो. त्यात बरीचशी पॅकेटं सीपीयूला टाळून जातात. एसक्यूएम (लाइन भरली तरी उत्तरं रेंगाळू नयेत म्हणून पॅकेटांची रांग सांभाळणारी सोय) लावलं की प्रत्येक पॅकेट सीपीयूकडे येतं, आणि ऑफलोडवर आरामात ५०० देणारा राउटर निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून चाचणी अशी: ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरची मुक्त प्रणाली) ऑफलोड बंद, केक (एसक्यूएमची एक पद्धत) चालू, डाउनलोड मर्यादा ४५० (लाइनच्या ९० टक्के), मग तारेवरून एकाच वेळी चार प्रवाहांचं डाउनलोड आणि सोबत सतत पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ). त्याच वेळी टॉपमध्ये (सीपीयूचा भार दाखवणारी आज्ञा) प्रत्येक कोअर वेगळा पाहायचा. चार कोअरच्या राउटरवर सरासरी भार २५ टक्के दिसतो, पण एकच कोअर १०० वर असतो. बाकीचे तीन रिकामे. पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन लाइन जोडण्याची पद्धत) हे जास्त घडतं. अशा वेळी कोअरची संख्या कामी येत नाही, एका कोअरचा वेग लागतो. पिंग रिकाम्या लाइनपेक्षा ५-१० मिलिसेकंदांहून जास्त चढलं, तर मर्यादा ४२५ करून पुन्हा मोजायचं. तरीही कोअर भरलेलाच राहिला तर तो राउटर या लाइनसाठी नाही.

वायफायला वेगळी चाळणी लावली नाही. वायफाय ६, २×२ (दोन अँटेना, दोन प्रवाह), ८० मेगाहर्ट्झचा लिंक रेट १२०१; त्याच खोलीत निम्मा हाती लागला तरी ५०० निघतात. भिंतीपलीकडचा प्रश्न ॲक्सेस पॉइंटने (तारेने जोडलेलं वेगळं वायफाय उपकरण) सोडवावा, महागड्या राउटरने नाही.

बाकी आहे: हीच चाचणी वायरगार्ड (एक व्हीपीएन) चालू ठेवून.